ॲक्युपंक्चर घ्यायचंय? आधी हिशेब बांधा: सुया, सिटिंग आणि तपासण्यांचं मार्गदर्शन

पाठदुखी किंवा अर्धशिशीने जेरीस आलेल्या माणसाला कुणीतरी ॲक्युपंक्चरचा पत्ता देतं. तिथे पंधरा सिटिंगचं पॅकेज समोर येतं आणि जोडीला एखाद्या लॅबचं ‘फुल बॉडी चेकअप’चं सवलतीचं कूपन. पैसे भरले जातात. दोन महिन्यांनी कुणी विचारलं, ‘फरक पडला का?’ तर उत्तर येतं, ‘वाटतंय थोडंसं.’

हे ‘थोडंसं’ म्हणजे नेमकं किती, आणि किती झालं तर पुढचे पैसे भरायचे, हे पहिली सुई टोचण्याआधी ठरवता येतं. ते ठरवलं नाही, तर उपचार कधी थांबवायचा हे तुम्ही नाही, दवाखाना ठरवतो.

पायरी १: निदान झाल्याशिवाय सुई नको

ॲक्युपंक्चरने दुखणं दबू शकतं आणि धोकाही तिथेच आहे. ज्या दुखण्यासाठी तातडीने डॉक्टर गाठायला हवा होता, तेही महिनाभर सुसह्य होऊन बसतं. पुढीलपैकी काहीही असेल तर आधी एमबीबीएस किंवा त्या विषयाच्या तज्ज्ञाकडे जा:

- पाठदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, बैठकीच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद जाणं. इथे वाट पाहायची नाही, थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत.
- पाठदुखीबरोबर ताप, विनाकारण वजन घटणं, आडवं पडूनही न थांबणारं रात्रीचं दुखणं. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग दुर्मीळ नाही आणि तो असाच सुरू होतो.
- काही सेकंदांत शिगेला पोचलेली डोकेदुखी, किंवा पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच सुरू झालेली.
- जिना चढताना छाती, जबडा किंवा डावा खांदा भरून येणं. हे ‘गॅस’ नाही हे ईसीजीनंतरच म्हणायचं.

खांदा आखडला असेल आणि साखर कधीच तपासली नसेल, तर आधी साखर तपासा. आखडलेला खांदा मधुमेहींमध्ये जास्त दिसतो. कधी कधी मधुमेहाचा पत्ता त्यातूनच लागतो.

पायरी २: कशासाठी जायचं, कशासाठी नाही

सगळ्यात भक्कम बाजू अर्धशिशीची. इथे सुया डोकं दुखत असताना नाही, तर न दुखणाऱ्या दिवसांत घेतात, म्हणजे उपचार खऱ्या अर्थाने प्रतिबंधक असतो. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा अभ्यास) अर्धशिशीच्या झटक्यांची संख्या यामुळे कमी होते असं दिसलं. ब्रिटनची ‘नाइस’ ही संस्था अर्धशिशी आणि ताणाची डोकेदुखी टाळण्यासाठी ५ ते ८ आठवड्यांत जास्तीत जास्त १० सिटिंगपर्यंत जाते. वेदनाशामक गोळ्या महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस (दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या १० किंवा अधिक दिवस) तीन महिन्यांहून जास्त काळ चालू असतील, तर मात्र गोळ्यांमुळेच डोकं दुखत असण्याची शक्यता आधी तपासून घ्या. तो गुंता सुयांनी सुटत नाही.

जुनाट कंबरदुखीवर तज्ज्ञांचं एकमत नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एसीपी या संघटनेने २०१७ मध्ये ॲक्युपंक्चरला शिफारशीत जागा दिली. नाइसने त्याआधीच्याच वर्षी कंबरदुखीसाठी ते देऊ नका असं सांगितलं होतं. गुडघ्याच्या झिजेबाबतही असेच दोन तट आहेत. कारण असं की काहीच उपचार न घेणाऱ्यांशी तुलना केली तर फरक बऱ्यापैकी दिसतो, पण खोट्या सुईशी (नुसती टोचल्याचा भास देणारी किंवा भलत्याच जागी टोचलेली) तुलना केली की तो बराच आक्रसतो. म्हणून कंबर-गुडघ्यासाठी आमचं मत एवढंच: व्यायाम चालू असेल तर त्याच्या जोडीला, ठरावीक मुदतीपुरतं करून पाहायला हरकत नाही. व्यायामाऐवजी म्हणून नको.

मळमळीवरचा उपाय तर फुकट आहे. तळहात वर करून मनगटाच्या घडीपासून तीन बोटं (स्वतःचीच) मागे या. मधल्या दोन शिरांसारख्या दिसणाऱ्या स्नायुबंधांच्या मध्ये ‘नेईग्वान’ हा बिंदू आहे. भूल दिल्यानंतरच्या मळमळीसाठी त्याचा चांगला अभ्यास झालेला आहे. प्रवासात तो अंगठ्याने दोन-तीन मिनिटं दाबून पाहा, त्यासाठी सिटिंगची गरज नाही.

मधुमेह ‘मुळापासून’ बरा, उंची वाढ, बीपीची गोळी बंद, कर्करोगावर इलाज अशी पाटी दिसली तर पायरीही चढू नका. अशा आजारांवर खात्रीच्या इलाजाच्या जाहिरातींवर १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्यानेच बंदी आहे. निरोगी माणसाला ‘इम्युनिटीसाठी’ दर महिन्याला एक सिटिंग हाही असाच प्रकार. त्याने आजार टळतात असं दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही. तो पैसा पायरी ८ मध्ये जास्त कामी येतो.

पायरी ३: सुई कोणाच्या हातात आहे?

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चर चिकित्सा पद्धतीसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषद नोंदणी करते. त्यामुळे पहिला प्रश्न सरळ विचारा: ‘तुमचा परिषदेचा नोंदणी क्रमांक काय?’ तो भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर आणि पावतीवर असायला हवा. खरा नोंदणीधारक या प्रश्नाने रागावत नाही.

भिंतीवर डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचा फोटो असेल तर छानच, पण तो परवाना नव्हे. सोलापूरचे कोटणीस १९३८ च्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले ते शल्यचिकित्सक म्हणून. ही पद्धत भारतात आणली ती त्याच पथकातल्या डॉ. बिजॉयकुमार बसू यांनी, १९५९ मध्ये.

फिजिओथेरपिस्ट ‘ड्राय नीडलिंग’ करतात तेव्हा सुई तीच असते, पण टोचण्याची जागा स्नायूतल्या गाठीवरून ठरते. ती वेगळी पद्धत आहे, तिचं प्रशिक्षण वेगळं विचारा.

पायरी ४: पहिल्या भेटीची पिशवी

- निदानाचा कागद, एक्स-रे किंवा एमआरआयचा रिपोर्ट (फिल्म असेल तर तीही)
- चालू गोळ्यांच्या पट्ट्या. नावं आठवून सांगण्यापेक्षा पट्ट्याच न्या.
- रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ताजा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी) किंवा त्या डॉक्टरांची चिठ्ठी
- मागच्या दोन आठवड्यांची दुखण्याची नोंद (पायरी ७)
- गुडघा-कोपराच्या वर सरकतील असे सैल कपडे

पुढच्या गोष्टी विचारल्या नाहीत तरी तुम्ही होऊन सांगायच्या. ॲसिट्रोम, वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल अशी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर खोल सुया टाळाव्या लागतात. पण सुयांसाठी म्हणून ती गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करायची नाही. पेसमेकर असेल तर सुयांना वीज जोडणारं मशीन नको. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सुई नको. गरोदरपणात किंवा तशी शक्यता असतानाही सांगा, कारण अंगठा-तर्जनीच्या बेचक्यातला आणि घोट्याच्या आतल्या बाजूला चार बोटं वरचा असे काही बिंदू या काळात वगळतात. मधुमेहामुळे तळपाय बधिर असतील तर मॉक्साचा (जळत्या वनस्पतीच्या कांडीचा) शेक किंवा गरम दिवा पायावर नको. भाजलेलं कळत नाही आणि जखम महिनोन्‌महिने चिघळते.

तुमचं काहीच न विचारता, बीपीही न पाहता कुणी थेट झोपायला सांगितलं, तर उठून यायला तेवढं कारण पुरेसं आहे.

पायरी ५: सुई स्वतः पाहा

ॲक्युपंक्चरची सुई भरीव असते, इंजेक्शनसारखी पोकळ नाही. नेहमीची जाडी ०.२५ मिमी, चेहऱ्यासाठी ०.१६ ते ०.२० मिमी. रक्त काढायची सुई साधारण ०.६ ते ०.७ मिमी असते, म्हणजे दुपटीहून जाड. लांबी बोटांवर १३ मिमी, हातापायावर २५ किंवा ४० मिमी आणि कुल्ल्याच्या जाड स्नायूत ७५ मिमीपर्यंत.

तुमच्यासमोर सीलबंद पाकीट फुटलं पाहिजे. पाकिटावर निर्जंतुक असल्याची खूण, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख असते, ती वाचा. काही ठिकाणी रुग्णाच्या नावाची डबी ठेवून त्याच सुया स्पिरिटने पुसून पुढच्या सिटिंगला वापरतात आणि ‘तुमच्याच आहेत’ असं समजावतात. नको म्हणा. स्पिरिटने पुसणं म्हणजे निर्जंतुक करणं नव्हे, शिवाय डब्यांची अदलाबदल झाली की हिपॅटायटिस बीचा धोका. आणि वाचतं किती? एकदाच वापरायच्या १०० सुयांचा डबा काही शे रुपयांत मिळतो. एका सिटिंगला दहा-पंधरा सुया लागतात. वाचणारी रक्कम दवाखान्याचीच असते.

वापरलेल्या सुया २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात जातात, रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत. टेबलाखाली साधी कचऱ्याची बादली दिसली तर बाकीच्या स्वच्छतेचा अंदाज येतो.

पायरी ६: सिटिंगच्या दिवशी

उपाशीपोटी जाऊ नका. तास-दीड तास आधी हलकं काही खा. पहिल्या सिटिंगला चक्कर येण्याचं नेहमीचं कारण रिकामं पोट, भीती आणि बसून घेतलेल्या सुया हेच असतं, म्हणून पहिल्यांदा आडवंच पडा. घाम फुटला, मळमळलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच बोला. सुया काढून पाय उंच करून झोपवलं की बहुतेकांना काही मिनिटांत बरं वाटतं.

सुई शिरताना मुंगी चावल्यासारखं होतं, मग जडपणा किंवा पसरणारी बोथट कळ येते. ती अपेक्षित असते. विजेच्या झटक्यासारखी कळ गेली किंवा जागा जळायला लागली तर सांगायचं, ‘सहन करा’ हे त्यावरचं उत्तर नाही. सुया २० ते ३० मिनिटं ठेवतात. तेवढ्यात कूस बदलू नका, सुई वाकते.

काढताना मोजा. किती टोचल्या आणि किती निघाल्या हे मोठ्याने मोजून घ्या. केसांत, कानामागे आणि टाचेशी एखादी राहून जाते आणि ती घरी गादीवर सापडते.

सुई टोचलेल्या जागी छोटा काळानिळा डाग किंवा दिवसभराची मरगळ नेहमीची आहे. पण खांद्याचा वरचा भाग, छाती किंवा पाठीच्या वरच्या भागावर सुया घेतल्यानंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दम लागला, श्वास घेताना टोचलं, तर ‘उद्या पाहू’ नको. फुप्फुसाला भोक पडून हवा बाहेर आल्याची घटना क्वचित घडते. हॉस्पिटलमध्ये जाऊन सुया कुठे घेतल्या होत्या ते सांगा आणि छातीचा एक्स-रे काढून घ्या.

पायरी ७: फरक मोजायचा आणि थांबायचं

पैशाचं चीज होतं की नाही, हे इथे ठरतं आणि बहुतेक जण नेमकं हेच करत नाहीत.

माणूस दवाखान्यात जातो ते दुखणं अगदी वर गेलेलं असताना. तिथून ते आपोआपही थोडं खाली येतंच आणि श्रेय सुईला जातं. म्हणून सुरुवातीची पातळी एका दिवसावरून धरू नका. कंबर-गुडघ्यासाठी आधीचे दोन आठवडे, अर्धशिशीसाठी चार आठवडे रोज नोंद ठेवा:

१. ठरलेल्या वेळी, समजा रात्री नऊला, दुखणं ० ते १० मध्ये किती.
२. रोजचं एकच काम किती वेळ जमतं. ओट्यापाशी किती मिनिटं उभं राहता येतं, मांडी घालून जेवण पूर्ण होतं का, असं मोजता येणारं काहीतरी.
३. वेदनाशामक गोळ्या किती घेतल्या. अर्धशिशी असेल तर डोकं दुखलेले दिवसही.

सुरुवातीला आठवड्याला दोन, मग एक अशा बेताने सहा सिटिंग घ्या आणि वही उघडा. दुखण्याचा आकडा सरासरी दोनने किंवा साधारण ३० टक्क्यांनी उतरला असेल तर तो फरक खरा मानायला हरकत नाही. अर्धशिशीला जरा धीर धरावा लागतो. आठ-दहा सिटिंगनंतर दुखरे दिवस निम्म्यावर आले तर उत्तम. आकडा हललाच नाही, तर ‘अजून दहा घ्या, आत काम चाललंय’ याला भुलू नका. अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी विम्याने जुनाट कंबरदुखीसाठी २०२० पासून हाच नियम लावला आहे: ९० दिवसांत १२ सिटिंग, सुधारणा दिसली तरच आणखी ८, वर्षात २० च्या वर नाही, आणि फरक नसेल तर बंद. सरकार पैसे देताना एवढं कडक असतं, मग स्वतःच्या खिशातून देताना ढिलाई कशाला?

या काळात नवी गादी, नवा पट्टा, नवं तेल आणि नवी गोळी एकदम सुरू करू नका. मग कशाने काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही.

पॅकेजचं म्हणाल तर सिटिंगचा दर एकटा धरू नका. समजा सिटिंग ६०० रुपये, येण्या-जाण्याची रिक्षा २०० आणि अर्धा दिवस मोडला, तर दहा सिटिंगचे ८,००० रुपये आणि पाच दिवस गेले. पंधराच्या पॅकेजवर मिळणारी सवलत सहाव्या सिटिंगला थांबावं लागलं तर तोट्यात जाते. सहाचेच पैसे भरा. पॅकेज घ्यायचंच असेल तर चार गोष्टी लेखी घ्या: उरलेल्या सिटिंगचे पैसे परत मिळतील का, मुदत किती, सुया आणि मशीनचे वेगळे पैसे आहेत का, आणि सुया तेच डॉक्टर लावणार की शिकाऊ.

पायरी ८: उरलेला पैसा तपासण्यांवर, पण मोजक्या

‘८५ तपासण्या फक्त इतक्या रुपयांत’ या जाहिरातीतला आकडा फुगवलेला असतो. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) या एकाच तपासणीत वीसेक आकडे येतात, लिव्हरच्या तपासणीत दहा-अकरा, कोलेस्टेरॉलमध्ये सात-आठ. प्रत्येक आकडा एक ‘तपासणी’ धरला की ८५ व्हायला वेळ लागत नाही. रक्ताच्या बाटल्या तीन-चारच असतात.

तिशीनंतर ज्यांचा खरोखर उपयोग आहे त्या तपासण्या कंटाळवाण्या आहेत: बीपी, कमरेचा घेर (पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेला तर सावध), साखर, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (किडनीसाठी). मधुमेह किंवा बीपी आधीच असेल तर लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर मागून घ्या. किडनीचं नुकसान लवकर दाखवणारी ही तपासणी पॅकेजमधून बरेचदा गळते. तंबाखू-मिशरीची सवय असेल तर तोंडाची तपासणी. ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी कार्यक्रमात दर पाच वर्षांनी ठरलेली आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरात (पूर्वीचं उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र) बीपी, साखर आणि या तपासण्या मोफत असतात. आशाताई घरी फॉर्म भरायला आल्या की ‘आम्हाला काही नाही झालेलं’ म्हणून त्यांना परत पाठवू नका.

कुठे फसगत होते:

- एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर आणि ६.५ पासून मधुमेह, हे बरोबर. पण लोहाच्या कमतरतेत हा आकडा खोटा वर जातो. हिमोग्लोबिन कमी असेल तर उपाशीपोटीची साखरही पाहा.
- सीए-१२५, सीईए असे ‘कॅन्सर मार्कर’ निरोगी माणसाने करू नयेत. पहिला पाळीतही वाढतो, दुसरा सिगारेटनेही. मग सोनोग्राफी, सीटी आणि महिनाभराची झोपमोड.
- केस-नखांसाठी बायोटिनची गोळी चालू असेल तर थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. दोन दिवस आधी थांबवा आणि लॅबला सांगा.
- ताप, सर्दी किंवा जागरणानंतर लगेच रक्त देऊ नका, आठवडा-दोन आठवडे जाऊ द्या.
- बीपी चहा-सिगारेटनंतर अर्धा तास थांबून, पाच मिनिटं टेकून बसून, हात छातीच्या पातळीवर ठेवून घ्या. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा.

लॅबच्या रिपोर्टवर एनएबीएलची (लॅबच्या दर्जाला मान्यता देणारी संस्था) खूण आहे का पाहा. प्रौढांच्या लसींची आठवण सहसा कोणी करून देत नाही: हिपॅटायटिस बीचे तीन डोस (०, १ आणि ६ महिने), दर दहा वर्षांनी धनुर्वात-घटसर्पाचा डोस, मधुमेह-दमा असणाऱ्यांना आणि ज्येष्ठांना दरवर्षी फ्लूची लस.

पायरी ९: पावत्या, विमा, कर

ॲक्युपंक्चर ‘आयुष’मध्ये मोडत नाही. त्यामुळे पॉलिसीत आयुषचं संरक्षण आहे म्हणून हे बिल मिळेल असं गृहीत धरू नका. शिवाय सिटिंग ओपीडीतली असतात आणि ओपीडी बहुतेक पॉलिसींत नसते. तरीही पावती घ्याच. नाव, तारीख, नोंदणी क्रमांक आणि सिटिंगची संख्या त्यावर हवी. पुढे उरलेले पैसे परत मागायचे झाले तर तोच पुरावा.

तपासण्यांचं वेगळं आहे. जुन्या कररचनेत असाल तर प्रतिबंधक तपासणीच्या ५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, तपासणीचे पैसे रोख भरले तरी चालतं. १९६१ च्या आयकर कायद्यात हे ८०डी म्हणून सगळ्यांना माहीत आहे, १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात कलमाचा क्रमांक बदलला आहे. हे ५,००० आरोग्य विम्याच्या २५,००० च्या मर्यादेतच धरलेले असतात, वर वेगळे मिळत नाहीत. हप्त्यानेच मर्यादा भरली असेल तर तपासणीचा करात फायदा नाही.

बऱ्याच आरोग्य पॉलिसींत वर्षातून एकदा किंवा दोन वर्षांनी मोफत तपासणी असते. ती मागितल्याशिवाय मिळत नाही आणि त्या पॉलिसी-वर्षात घेतली नाही तर सहसा बुडते, म्हणून नूतनीकरणाच्या दोन महिने आधी कंपनीला फोन करा. तपासणीत काही नवं निघालं तर पुढे नवी पॉलिसी घेताना किंवा कंपनी बदलताना ते फॉर्मवर लिहावंच लागतं. लपवलं आणि नंतर उघड झालं, तर क्लेम त्याच कारणावरून नाकारला जाऊ शकतो.